कोरडे मास्तर

पोहायला येणारी मुलं त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘कोरडे मास्तर’. आडनाव वेगळंच होतं. पण गेल्या अकरा वर्षांत त्यांच्या पँटची कडसुद्धा भिजलेली कुणी पाहिली नव्हती. गळ्यात शिट्टी, हातात लांब काठी, आणि काठावरून आवाज : “कोपर वर! मान खाली! श्वास पाण्यात सोडा, हवेत सोडायला मी आहे!” शिकवणं मात्र चोख. काठावर उभं राहून सगळं जमत असेल, तर पाण्यात उतरायचं कशाला?

रविवारी हेच मास्तर चर्चच्या मंडळीत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना करत. आवाज असा की माइक लागत नसे. पाळकसाहेब मान डोलवत, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत. घरी म्हणाल, तर जेवणाआधी एक ओळ, तीही बायको ताटं वाढेपर्यंत संपलेली. यात काही उणं आहे असं मास्तरांना कधी वाटलं नाही. देवाचं नि त्यांचं बरं चाललं होतं.

मग थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली. खरं तर आणावी लागली. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. लग्न केलं नाही, शाळांचे गणवेश शिवत जन्म काढला. शिलाई मशीनवर पाय चालायचा आणि ओठांत प्रार्थना चालायची. आता फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी “घरीच ठेवा” म्हटलं, त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला, ताईला सर्वांत आधी. आतल्या खोलीत, तीन उशांना टेकून ती बसलेली असे. एक वाक्य दोन तुकड्यांत बोले.

एका दुपारी तिने हाक मारली. “बाळ्या, इकडे ये. मला प्रार्थना... येईना झालीय.”

“म्हणजे काय, ताई?”

“सुरू करते, आणि श्वासच मोजत बसते. भीती वाटते रे. तू कर.”

“करतोच की मी. दर रविवारी आजाऱ्यांसाठी...”

“ती नको. इथं बस. माझ्यासाठी कर.”

मास्तर बसायचं सोडून उभेच राहिले. डोळे मिटले. आवाज आपोआप मोठा झाला. “हे दयाळू स्वर्गीय पित्या, आजाऱ्यांना आरोग्य दे, प्रवाशांना सुखरूप ने, राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, आणि प्रभुमंदिराच्या छपराच्या कामाला हातभार लावणाऱ्या...”

“छप्पर झालं की रे,” ताई म्हणाली. “तीन वर्षं झाली.”

दारात औषध घेऊन बायको उभी होती. तिला हसू फुटलं, नको तेव्हा फुटतं तसं. ताई मात्र हसली नाही. तिने मान भिंतीकडे वळवली. “राहू दे. दमला असशील.”

स्वयंपाकघरात मास्तर बायकोवर उखडले. “हसायला काय झालं तुला?”

“अहो, तीन वर्षं तुम्ही झालेल्या छपरासाठी मागताय, आणि मंडळीत एकाला पत्ता नाही. मीसुद्धा दर रविवारी ‘आमेन’ म्हणतेय. हसू नको तर काय करू?” मग तिचा आवाज खाली आला. “लोका सांगे ब्रह्मज्ञान...” पुढचे शब्द तिने गिळले. त्यांतला ‘कोरडे’ तिला तिथे उच्चारवला नाही.

संध्याकाळी मास्तर ताईजवळ दोनदा जाऊन बसले. तोंड उघडलं की आजारी, प्रवासी, राज्यकर्ते रांगेने पुढे येत, आणि त्यांच्या मागोमाग छप्पर. ते तोंड मिटून घेत. ताई वाट पाहत होती. वाट बघत बघत तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळची ज्येष्ठांची बॅच संपत आली असताना मास्तरांनी शिट्टी काढून ठेवली आणि पाण्यात उतरले. सगळे बघत राहिले. पहिले दहा हात सुरेख पडले. कोपर वर, मान खाली, जसं शिकवत तसंच. मग छातीत काही तरी आवळलं. निम्म्या वाटेत त्यांनी कडेची दांडी धरली ती सोडवेना.

शेजारी निवृत्त पोस्टमास्तर तरंगत होते. “काय सर, पोहणं विसरलात?”

“पोहणं नाही विसरलो,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “दम राहिला नाही.”

“मग आम्हाला सांगता तेच करा. दांडी धरून दहा श्वास. महिनाभर.”

“महिना नाहीये हो माझ्याकडे.”

पोस्टमास्तरांना वाटलं, सरांची कुठे बदली झाली.

घरी येऊन मास्तर ताईच्या पलंगाशी जमिनीवरच बसले. केस ओले होते. बायकोने पाहिलं आणि पंचा आणून शेजारी ठेवला. त्यांनी अगदी हळू म्हटलं, “प्रभू, ताईला श्वास पुरत नाही. तिला भीती वाटते. मला काय मागावं कळत नाही.” एवढंच. पुढे काही आलं नाही. ताई झोपेत होती.

त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ बसू लागले. कधी दोन वाक्यं, कधी एकही नाही. मंडळीतली प्रार्थना त्यांनी दुसऱ्याला द्यायला लावली. पाळकसाहेब म्हणाले, “तुमच्यासारखी कुणाला जमत नाही हो.” मास्तर म्हणाले, “मलाही जमत नाही.” पाळकसाहेबांना तो विनय वाटला.

पाचव्या दिवशी वाक्यं सलग आली. रडूही आलं. पण त्या दिवसापर्यंत ताई फार लांब गेली होती. तिने मास्तरांकडे अनोळखी नजरेने पाहिलं. “गणवेश झाले का? सोमवारी... शाळा आहे.”

“झाले, ताई.”

“बटणं?”

“बटणंही लावली.”

तिने डोळे मिटले. मास्तरांनी तिचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना केली, तिच्या कानाजवळ, सावकाश. तिचा चेहरा काही बदलला नाही. श्वास तसाच, वर ओढलेला, तुटका.

ते बाहेर आले तेव्हा बायको दारातच होती.

“ऐकलं का?” तिने विचारलं.

“कुणी?” मास्तर म्हणाले.

तिने ताईंबद्दल विचारलं होतं. मास्तरांच्या मनात देवही होता. आतून पुढचा श्वास यायला उशीर झाला, तशी दोघंही घाईने खोलीत गेली.