उखळीचा बार आणि वैमानिकाचे तास

काही प्रकरणे न्यायालयात संपतात, काही अपिलात. हे प्रकरण खटल्यापर्यंत गेलेच नाही. तरी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतरही मला सर्वांत जास्त तेच आठवते.

मी तेव्हा औशाच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी फौजदार होतो. लातूर जिल्हा नवाच झाला होता. अधीक्षक कार्यालय भाड्याच्या इमारतीत, जुने रेकॉर्ड अजून जुन्या जिल्ह्यात, आणि ठाण्यात माणसे अपुरी. त्यात दुष्काळ. आमचा बंदोबस्त म्हणजे टँकरपाशी घागरी पुढे-मागे सारणे आणि फुटलेली डोकी दवाखान्यात पाठवणे.

लातूरच्या काही आडत्यांनी आणि बागायतदारांनी मिळून पाऊस समिती काढली होती. त्यांनी एक छोटे विमान भाड्याने आणले आणि त्याच्यासाठी स्वतः मुलाखती घेऊन वैमानिक नेमला. विमान नांदेडच्या धावपट्टीवरून उडायचे, आमच्या भागावर येऊन ढगात शिरायचे आणि ढग बरसावेत म्हणून मिठाची पूड सोडायचे. पाऊस मात्र पडेना. ढग जमायचे, विमान घरघरायचे, ढग निघून जायचे. मग गावागावांत बोलले जाऊ लागले की हे विमानच ढग पळवते.

एका गावात महादेवाच्या जत्रेला उखळी उडवायची रीत होती. उखळी म्हणजे जाड लोखंडी नळकांडे. त्यात दारू ठासून बत्ती दिली की कानठळ्या बसवणारा बार होतो. तो मान एका लिंगायत शेतकऱ्याच्या घराण्याकडे होता. माणूस पन्नाशीचा, अबोल. गावाने त्याला गळ घातली आणि विमान आले की तो देवळामागून बार काढू लागला. विमानाने घाबरून माघारी जावे, एवढाच हेतू.

एका दुपारी बार झाला आणि विमान पडीक रानात येऊन आदळले. मीठ सोडणारा तंत्रज्ञ जागीच गेला. वैमानिक पाय मोडून वाचला. समितीच्या लोकांनी त्याला नांदेडच्या रुग्णालयात हलवले.

खबर घेऊन गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "साहेब, बार झाला अन् इमान खाली आलं. समद्या गावानं बघितलंय. उखळीवाला देवळात बसून हाय, पळाला न्हाई."

मी घटनास्थळी गेलो. पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब मी ठाण्यातल्या सर्वांत जुन्या हवालदाराकडे सोपवले. एवढा मोठा गुन्हा, तर सेवेने सर्वांत मोठा माणूस हवा, असा साधा हिशेब केला. त्याची बहुतेक सेवा कोर्टात समन्स पोचवण्यात आणि मुद्देमाल सांभाळण्यात गेली होती, हे मला ठाऊक होते. तरीही केला.

उखळीवाल्याची चौकशी मी स्वतः केली. आवाज चढवावा लागला नाही.

"बार तू काढलास?"

"हाव."

"विमान आलेलं असताना?"

"आलं होतं म्हणूनच काढला, साहेब."

"मग विमान कशानं पडलं?"

त्याने वर आढ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मपल्या बारानंच पडलं असंल. दुसरं काय हाय वर?"

मी जबाब वाचून दाखवला, त्याने अंगठा उठवला. पोलिसापुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे मला माहीत होते. पण वरून सारखे फोन येत होते, समितीचे लोक फाटकात उभे होते आणि मेलेल्या तंत्रज्ञाचा भाऊ बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. माझ्या मनावरचा दगड उतरला. खुनाचे कलम लावले, कोठडी मिळवली.

कोठडीत टाकण्यापूर्वी अंगझडती झाली. गळ्यातला दोरा आत ठेवू देत नाहीत, आरोपी फास लावून घेईल म्हणून. त्याच्या गळ्यातले इष्टलिंग हवालदाराने दोऱ्यासकट उतरवून घेतले आणि मुद्देमालाच्या कपाटात ठेवले. मी समोर होतो, अडवले नाही. दुसऱ्या दिवशी पहारेकरी सांगत आला की आरोपी जेवत नाही. मला वाटले, नाटक आहे. मग ठाण्यातल्याच एका शिपायाने, तो उदगीरकडचा होता, खालच्या आवाजात सांगितले, "साहेब, लिंगपूजा केल्याबिगर त्यो पाणीबी घ्यायचा न्हाई. मेला तर आपल्यावर येईल."

मी लिंग परत द्यायला लावले. त्याने हातावर घेऊन पूजा केली, पाणी प्यायला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. सुटकेबद्दल एक शब्द नाही. इतका निमूट आरोपी मी पाहिला नव्हता, आणि त्या निमूटपणाचीच मला भीती वाटू लागली. उखळीत नुसती दारू असते, गोळा नसतो. आवाजाने विमान पडते का? हा प्रश्न मी पहिल्या दिवशी कोणालाच विचारला नव्हता. माणूस मात्र आत होता, आणि कलम फाशीचे होते.

मी वैमानिकाचा जबाब घ्यायला नांदेडला गेलो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात समितीचे अध्यक्ष भेटले. लातूरचे मोठे आडते, कपाळाला भस्म, गप्पिष्ट माणूस. वैमानिक कसा निवडला, हे मी सहज विचारले.

"दोघं आले होते, साहेब. ह्यो अन् एक हडकुळा. ह्याचे उड्डाणाचे तास हजारांत, त्याचे निम्मेबी न्हाईत. आमी म्हणलं, तास ज्याचे जास्त तो घ्यायचा. तूर घेताना वजन बघतो का न्हाई आपण?"

"तुरीत हात घालून दाणाही बघता ना?"

ते हसले. "तो हडकुळा आमालाच प्रश्न विचारत बसला होता. ढग कसले असतेत, दुपारचे का सकाळचे, ढगात किती आत जायचं. आमचे सेक्रेटरी म्हणले, मालक, ह्याला भ्या वाटतंय, ह्याला नारळ द्या. दिला."

मी वैमानिकाच्या खाटेपाशी बसलो. तो सभ्य माणूस होता, पुण्याकडचा. त्याने आधी तेच सांगितले. "खालून स्फोट झाला, विमानाला हादरा बसला, ताबा सुटला."

मला विमानातले काही कळत नव्हते. म्हणून चोरीच्या गुन्ह्यात विचारतो तसेच विचारत गेलो. आधी कुठे होता, मग काय दिसले, मग हात कुठे होता.

"हादरा बसला तेव्हा ढगात होतात की बाहेर?"

"आत."

"आतून खाली काही दिसत होतं?"

"नाही. सगळं पांढरं."

"मग विमान सरळ आहे हे कशावरून कळत होतं?"

"मला सरळच वाटत होतं," तो म्हणाला. "अंगाला सरळ वाटत होतं. समोरचे काटे वेगळं दाखवत होते. मला वाटलं, काटेच बिघडलेत. बाहेर पडलो तेव्हा जमीन डाव्या खिडकीत उभी होती."

"हे काम घेण्याआधी ढगात किती वेळा गेला होतात?"

त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या तासांत खोटे काहीच नव्हते. ते सगळे त्याने एका कारखानदाराच्या विमानावर केले होते, रोजचा एकच मार्ग, सकाळच्या स्वच्छ हवेत.

"मालक भित्रे होते," तो म्हणाला. "आकाशात ढग दिसला की ते मोटारीनं जायचे. मी घरी."

मी ते लिहून घेतले. तोच पुढे म्हणाला, "मुलाखतीत मला कोणी विचारलं नाही, साहेब. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत असतो."

आता बार आधी की विमान आधी, एवढेच ठरवायचे होते. हवालदाराने घेतलेले सगळे जबाब पारावरच्या पुरुषांचे होते. पारावरून देऊळ दिसते, त्यामागचे आभाळ दिसत नाही. त्या सर्वांनी बार ऐकून माना वळवल्या होत्या. मी रानात फिरलो. पडक्या विहिरीपाशी शेळ्या राखणारी एक बाई भेटली.

"मावशी, त्या दिवशी इथंच होता का?"

"मग कुठं जाऊ? शेळ्या काय पारावर चरतेत व्हय?"

"आधी बार झाला की आधी विमान खाली आलं?"

"इमान आधी. ढगातनं निघालं ते एका अंगावर लोंबतच निघालं. म्या वरडले. मग झाला बार. त्यो बिचारा देवळामागं झाडाखाली, त्याला काय दिसतंय? घरघर आली की देतो बत्ती."

"हे पोलिसांना का सांगितलं नाही?"

"तुमचा हवालदार आला होता की. म्हणला, बाई, बाजूला व्हा, पंचनामा चाललाय."

बाईच्या उभ्या राहण्याच्या जागेचा नकाशा करून मी तिचा जबाब घेतला. वैमानिकाने नांदेडला पुरवणी जबाब दिला. पुढे मुंबईहून आलेल्या तपासणी पथकानेही विमानाचे यंत्र आणि काटे ठीक असल्याचेच कळवले. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, त्याला सोडावे, असा कलम १६९ प्रमाणे मी अहवाल पाठवला. वरिष्ठ नाराज झाले, समितीचे लोक त्याहून जास्त.

त्यानंतर कोणालाही काम देताना मी सेवेची वर्षे विचारायची सोडली. त्या वर्षांत काय अंगावर आले आणि तेव्हा काय केलेस, हे विचारू लागलो. पुष्कळ जण या प्रश्नाला चिडायचे. जे विचार करून सांगायचे त्यांना मी कामाला लावायचो. मीही त्या प्रकरणात वैमानिकापेक्षा वेगळा नव्हतो. कबुली मिळाली की तपास सरळ चालला आहे, असे माझ्याही अंगाला वाटले होते.

उखळीवाल्याला सोडले तो दिवस बाजाराचा होता. मी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. मी त्याला सगळे समजावून सांगितले. विमान आधीच कलले होते, बार मागून झाला, तुझा काही दोष नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"खरं म्हणता, साहेब?"

"अगदी खरं."

त्याने गळ्यातले लिंग सदऱ्याच्या आत सारले, पटका नीट केला आणि दारापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "मग म्या हाव म्हणलो तवा तुमचं तोंड एवढं हलकं का झालं हुतं? त्या तोंडाकडं बघूनच मला खात्री पटली हुती, का म्याच मारलं म्हणून."

तो एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो, आणि तिथे उभा राहून त्याची माफी मागितली. बाजाराच्या गलक्यात ती त्याला ऐकू गेली की नाही, मला माहीत नाही.