सहा वायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

लातूरला माझा फिजिक्सचा क्लास आहे. निकाल लागला की पालक पेढे घेऊन येतात, पोरं पाया पडतात. मी पेढा खातो, हात जोडतो, आणि आतल्या आत — असो. मुद्द्यावर येतो.

भूकंपाच्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्या वडिलांकडे — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक होता, पेट्रोलवर चालणारा. सहा सिलिंडर, सहा प्लग. डाळ मिलची पोती वाहायचा. त्याच्या बॉनेटला गफूरचाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियमच होता. चाचा आमचे मिस्त्री. आमच्या दारात, लिंबाखाली, गोणपाट अंथरून ते काम करायचे.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्यांनी नवे प्लग बसवले. त्यांची एक पद्धत होती. एक वायर काढायची, प्लग बदलायचा, तीच वायर परत लावायची, मगच पुढच्या प्लगला हात घालायचा. प्लग ठरलेल्या क्रमानंच पेटतात; वायरींची अदलाबदल झाली की इंजिन चालत नाही. मी शेजारी उभा राहून काहीतरी पुस्तकी शहाणपण पाजळलं. अण्णा म्हणाले, "तुझ्या डिग्रीपेक्षा मिस्त्रीच्या हातात लई हाय." चाचा नुसते हसले. मला झोंबलं. एवढं झोंबण्यासारखं काय होतं त्यात? पण झोंबलं.

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे विसर्जनाला गेले. मी पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि सहाच्या सहा वायरी एकदम उपटल्या. प्लग काढले, पुन्हा बसवले. मलाही जमतं, एवढंच मला बघायचं होतं. मग वायरी हातात घेतल्या, तर कुठली कुठे, काही कळेना. अंदाजानं खोचल्या. बॅटरी चार्जिंगला गेलेली, त्यामुळे चाचांनाही आदल्या दिवशी ट्रक सुरू करून बघता आला नव्हता, आणि मलाही नाही. बॉनेट लावलं. साबणानं दोनदा हात धुतले.

त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास जमीन हलली.

उजाडता उजाडता बातमी आली, किल्लारीकडची गावं बसली म्हणून. तिकडेच माझी आत्या दिलेली होती. अण्णांची एकुलती बहीण. गल्लीतली माणसं फावडी, पहारी, पाण्याच्या घागरी घेऊन ट्रकमध्ये चढली. अण्णांनी संध्याकाळी चार्ज होऊन आलेली बॅटरी जोडून स्टार्टर मारला. ट्रक खोकला, सायलेन्सरमधून फटका वाजला, बंद. पुन्हा फटका, पुन्हा बंद.

तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं — अण्णा, काल मी वायरी काढल्या होत्या. मी काय केलं? मागे माणसांच्या गर्दीत फावडं धरून उभा राहिलो.

चाचा आपली बायकापोरं घेऊन ईदगाहच्या मैदानात बसले होते. त्यांना शोधून आणेपर्यंत दोन तास गेले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि थबकले. "वायरी उलट्यापालट्या लागल्यात. मी अशा न्हाई लावल्या, अण्णा."

"मग कुणी लावल्या? घरात दुसरं कुणी हात लावतंय का?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

चाचांनी वायरी काढायला घेतल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडूनच झालं असंल."

पाच मिनिटांत त्यांनी ट्रक सुरू करून दिला. आम्ही पोचलो, दगड उपसले. आत्या सापडली तेव्हा गेलेली होती. "अंग गरम होतं अजून," अण्णा म्हणतात. दर वर्षी त्या दिवशी म्हणतात. "दोन तास. मिस्त्रीनं माझी बहीण खाल्ली." मी शेजारी बसून ऐकतो. दुसरीकडे जायला जागा तरी कुठे आहे? अण्णांनी ते तेव्हा लातूरभर सांगितलं. चाचांकडे ट्रक येईनासे झाले. पुढे ते नांदेडला मुलीकडे निघून गेले.

सुटलो, असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

यंदा क्लासला नांदेडची एक मुलगी आली. सना. एकदा वर्गात मी प्रोजेक्टर हलवायला त्याच्या वायरी काढायला लागलो, तर पहिल्या बाकावरून म्हणाली, "सर, थांबा. आधी आकडे टाका की. आमचे नाना आकडे टाकल्याबिगर एक वायर काढू देत नव्हते."

मी विचारलं, नाना कोण. का विचारलं?

"आईचे वडील. मिस्त्री होते. आधी लातूरलाच होते, गफूर मिस्त्री. त्यांच्या हातून एकदा चूक झाली म्हणे, कुणाचा तरी जीव गेला. मग ट्रकला हातच लावला न्हाई त्यांनी. शेवटी शेवटी बोटांवर मोजत बसायचे — एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. आम्हाला वाटायचं, तस्बीह करून राहिलेत, अल्लाचं नाव मोजत."

पोरं हसली. तो आमच्या ट्रकचे प्लग पेटायचा क्रम होता. मीही हसलो. "चांगली सवय आहे," म्हणालो.

ती उठून आली, चिकटपट्टीचे तुकडे वायरींना लावले, त्यांवर पेननं आकडे घातले. "आता काढा, सर. आता चुकणार न्हाई." मी काढल्या, प्रोजेक्टर हलवला, आकडे बघून पुन्हा जोडल्या आणि शिकवायला लागलो.

गफूरचाचांचा हात चुकला नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही. आज सकाळी सातच्या बॅचलाही ती पहिल्या बाकावर होती.