पावलं वाजवणारी काकू

काकूंचा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या पायांनी चालण्यात गेला. सिनेमात नायिका तणतणत जिना उतरायची. वाजायची ती टाच काकूंची. शूटिंगच्या गडबडीत पावलांचा आवाज धड टिपला जात नाही, म्हणून मागाहून बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणाला तरी पुन्हा चालावं लागतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा सिनेमाच्या संग्रहालयानं काकूंना सामानासकट उचललं. वाळूचा ट्रे, लाकडी फळी, पोतंभर जुने बूट. कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबली की पडद्यावर बर्फ कसा चुरचुरतो, गाजर मोडलं की हाड कसं मोडतं, हे त्या रोज दुपारी काचेच्या खोलीत करून दाखवायच्या. आवाज माईकमधून बाहेर लोकांना स्पीकरवर आणि आत काकूंना हेडफोनवर जायचा.

काका बसचे कंडक्टर होते, आता घरी. "पाय आपटायचा पगार घेणारी बाई आमच्याच घरात," असं आल्यागेल्याला सांगायचे. तिथं जाऊन बघायची तसदी मात्र कधी घेतली नव्हती.

अलीकडे दोघांची टीव्हीवरून जुंपायची. काकू आवाज इतका चढवायच्या की शेजारीण भिंत ठोकायची. काकूंचे कान चालले होते, पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आवाजाच्या कामावर बहिरी बाई कोण ठेवणार? पडद्यावरच्या पायांवरून नजर ढळू दिली नाही की ठोका चुकत नसे. तेवढ्यावर सगळं निभत होतं.

मग काकांची बहीण राहायला आली. वहिनीचं काम बघायचंच म्हणून हटून बसली आणि काकांना ओढत घेऊन गेली. दोघं पहिल्या रांगेत बसली.

पडद्यावर एक बाई लांबलचक व्हरांड्यातून निघाली. काचेआड काकूही निघाल्या. टाच, चवडा, टाच. बाहेर मात्र चिडीचूप. आवाजाच्या मशिनवरचा माणूस माईक सुरू करायलाच विसरला होता. काकू आपल्या तालात चालत राहिल्या, वळल्या, धावल्यासुद्धा. लोक एकमेकांकडे बघू लागले. बहीण म्हणाली, मुका सिनेमा आहे वाटतं.

काकांच्या डोक्यात टीव्हीपासूनचं सगळं एकदम जुळलं.

ते उठून काचेची खोली उभी होती त्या लाकडी मंचावर चढले आणि काचेजवळ बूट एकदाच दाणकन आपटला. कंडक्टरची एक बेल, म्हणजे गाडी थांबव. फळीखालून हादरा तळव्याला लागला तशा काकू थांबल्या. काकांनी माईककडे बोट केलं. मशिनवाल्यानं धावत जाऊन बटण दाबलं. काकांनी दोनदा बूट आपटला आणि गाडी निघाली. लोकांना वाटलं, हा खेळातलाच भाग. टाळ्या पडल्या.

खेळ संपल्यावर संग्रहालयाच्या मुख्य बाई आल्या. आवाज बंद असल्याचं कळलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं. ती पडद्यात रंगली होती, असं काका बोलायला लागले. काकूंनी ओठांवरून ओळखलं आणि त्यांचा दंड धरला.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं असेल."

मुख्य बाई काकूंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मग काकूंना दिसेल असं तोंड करून सावकाश म्हणाल्या, "चालणं तुमचं चोखच आहे हो. पण माईक बंद पडला तर तुम्हाला सांगणार कोण?"

"बेल मी देतो," काका म्हणाले. "जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

तेव्हापासून मंचाच्या कोपऱ्यात काकांचं स्टूल असतं. आता आल्यागेल्याला सांगतात, आम्ही दोघंही पाय आपटतो. पगार तिला, चहा मला. घरी परतताना काकू रोज न चुकता सुनावतात, "दुसरा ठोका उशिरा पडतो तुमचा. तळव्याला कळतं मला."