ओपलचं मत

ओपल हॅझेलरिग कोंबडीची मान खाते. ताटात तंगडी असो, छातीचा तुकडा असो, हिचा हात मानेकडेच जाणार. तिची आईही तेच करायची. आमच्या डोंगराकडच्या बायकांना लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं, की चांगला तुकडा दुसऱ्याला द्यायचा आणि वर ‘मला मानच आवडते’ म्हणायचं. मी पन्नास वर्षं तिला ओळखतो, आणि छातीठोकपणे सांगतो, तिला मान अजिबात आवडत नाही.

मी डेल्बर्ट. काल्डर्स लँडिंगमध्ये नदीच्या अंगाला माझं केस कापायचं दुकान आहे, आणि आमच्या पक्षाचा तालुक्याचा चिटणीसही मीच, कारण दुसरं कुणी ते लचांड गळ्यात घ्यायला तयार नाही. ओपल शाळेची बस चालवते. एकतीस वर्षं झाली. तेवढीच वर्षं पक्षाच्या प्रत्येक बैठकीला कोंबडी घातलेल्या शेवया आणि खाली बटाट्याचा लगदा, असं मोठं भांडं तीच घेऊन येते. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला देशाचं अधिवेशन भरतं. त्याला इथून जाणाऱ्या प्रतिनिधींना आम्ही निरोपाची न्याहारी देतो. तेव्हा ओपल कुठे असते? हॉलच्या स्वयंपाकघरात. वाढायच्या खिडकीतून टाळ्या वाजवते आणि परत भांडी घासायला लागते.

गेल्या डिसेंबरात ती केस कापून घ्यायला आली. आरशात माझ्याकडे न बघता म्हणाली, “डेल, मला जायचंय.”

“कुठे?”

“अधिवेशनाला. जूनमध्ये मी बस सोडतेय. सदुसष्टावं लागेल. एकदा तरी मला खिडकीच्या त्या बाजूला बसायचंय रे.”

माझ्या हातातली कात्रीच थांबली. या बाईने आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. “मग अर्ज भर की! कुणी अडवलंय?” मी ओरडलोच जवळजवळ. तिने तिथेच, गळ्याभोवती कापड असताना, अर्ज भरला.

आमच्या ओहायोत आमच्या पक्षाचं गणित दोन टप्प्यांचं. जानेवारीत एका शनिवारी त्या त्या उमेदवाराचे पाठीराखे जमतात आणि कोण प्रतिनिधी व्हावं याची क्रमवारी लावतात, बायकांची यादी वेगळी, पुरुषांची वेगळी. मग मार्चमध्ये प्रायमरी, म्हणजे सगळ्या राज्याचं मतदान. त्यात उमेदवाराला जेवढ्या जागा मिळतील, तेवढी माणसं यादीतून वरून खाली जातात. आमच्या भागाच्या वाट्याला पाच जागा. आमचा उमेदवार सिनेटर टॅलमन. समोर एकच जण, पण तगडा. टॅलमनला दोन जागा तरी मिळणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. म्हणजे पहिली बाई आणि पहिला पुरुष नक्की जाणार. तिसरी जागा मिळाली, तर दुसरी बाई. त्यासाठी अर्ध्याहून जास्त मतं हवीत. थोडक्यात, ओपलला पहिला नंबर हवा होता.

जानेवारीत युनियन हॉलमध्ये सत्तर माणसं जमली. बाहेर गुडघाभर बर्फ. ओपलसमोर उभी होती मेरिडिथ कॉस्टेलो, नदीपलीकडच्या मोठ्या गावातली वकील. बोलायला वाघीण. तिसरी एक होती, तिला फार कुणी ओळखत नव्हतं. बोलायला प्रत्येकीला एक मिनिट.

मेरिडिथबाईंनी मिनिटात आरोग्य, रोजगार, घटना सगळं बसवलं. टाळ्या झाल्या. मग ओपल. अंगात ॲप्रन तसाच! मी खुणेने सांगतोय, काढ गं बाई तो. तिचं लक्षच नाही.

“मी बस चालवते,” ती म्हणाली. “बावीस मैलांचा रस्ता आहे. शेवटच्या थांब्यावर एकच मुलगी चढते. एकटीच. तिच्यासाठी चार मैल वर जावं लागतं. गेली पाहिजे बस. एवढंच मला तिकडे जाऊन सांगायचंय.”

आणि उतरली. वीस सेकंदही झाली नसतील. मागच्या बाकांवरून एकदम मोठा गलका उठला.

आता मतदान. आमच्यात ते चोरून होत नाही. चिठ्ठीवर आपल्या पसंतीचं नाव लिहायचं आणि खाली स्वतःची सही करायची, म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर कागद दाखवता येतो. मोजायला मी आणि एक मास्तरीणबाई. मेरिडिथ एकतीस, ओपल तीस, तिसरी नऊ.

एका मताने! मी पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजताना एक चिठ्ठी हातात आली. वर लिहिलं होतं ‘मेरिडिथ कॉस्टेलो’. खाली सही, ‘ओपल हॅझेलरिग’.

माझं डोकंच फिरलं. निकाल वाचला आणि तडक स्वयंपाकघरात गेलो. ती भांडं खरवडत होती.

“तुला अक्कल आहे का गं?”

“का? काय झालं?”

“तू मेरिडिथला मत दिलंस! स्वतःचं नाव लिहिलं असतंस तर तू एकतीस, ती तीस. पहिली आली असतीस तू!”

तिने नळ बंद केला. चेहरा पडला, पण मान ताठ. “स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं? आणि खाली सही करायची, की बघा, मीच मला चांगली म्हणते? आईने थोबाड फोडलं असतं माझं.”

“तुझी आई जाऊन वीस वर्षं झाली!”

“म्हणून काय झालं?” ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरले. “एका मताने गेलं का रे? खरंच?” मला इतकं वाईट वाटलं की मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागलो.

म्हणजे आता सगळं मार्चवर. टॅलमनला अर्ध्याच्या वर मतं पडली तर ओपल जाणार, नाहीतर नाही. सकाळ-दुपारची फेरी संपली की ती घरोघर फिरायची. वीस वर्षांपूर्वी जी पोरं तिच्या बसमध्ये मारामारी करायची, ती आता दारात बाप होऊन उभी. ती टॅलमनबद्दल सगळं सांगायची. तिचं स्वतःचं जाणं त्यावर अडलंय, हे मात्र चुकूनही तोंडातून काढायची नाही.

म्हटलं, ठीक आहे, तू नको बोलूस. माझ्या खुर्चीत जो बसेल त्याला मी सांगायला लागलो, “टॅलमनला मत म्हणजे ओपलला मत.” गळ्यावर वस्तरा असताना माणूस लक्ष देऊन ऐकतो. आठवड्याभरात बातमी डोंगरावर पोचली, आणि ओपल दुकानात शिरली ती फणफणतच.

“डेल्बर्ट! लोक मला विचारतायत, तू आधी का नाही सांगितलंस म्हणून! मला लाजेने मेल्यासारखं झालं!”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, तो न्हावी बडबड्या आहे.”

“हो, आहेच. पण मत देणार का म्हणाले?”

ती जरा घुटमळली. “देणार म्हणाले,” असं पुटपुटली आणि गेली.

दोन दिवसांनी मेरिडिथबाई आल्या. बायका माझ्याकडे फारशा येत नाहीत, वकीलबाया तर नाहीतच. म्हणाल्या, “त्या दिवशीच्या चिठ्ठ्या बघायच्या आहेत.” हक्कच तो त्यांचा. मी पेटी दिली. एक चिठ्ठी त्यांनी बराच वेळ हातात धरली.

“हे खरं आहे?”

“सही दिसतेय ना बाई.”

“मी तर माझंच नाव लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग? उभं राहायचं आणि आपलंच नाव लिहायचं नाही, हा वेडेपणा फक्त आमच्या डोंगरावर चालतो.”

त्या हसल्या नाहीत. चिठ्ठी जागेवर ठेवली आणि विचारलं, “ओपल सध्या कुठल्या रस्त्यावर फिरतेय?” त्या दुपारपासून त्यांची गाडी तिच्याबरोबर डोंगरावर फिरायला लागली. उंच टाचा दुसऱ्याच दिवशी गेल्या आणि रबरी बूट आले. खरं सांगतो, माझं त्या बाईंबद्दलचं मत तिथे बदललं.

प्रायमरीच्या दिवशी सकाळची फेरी आटोपून ओपल मत द्यायला गेली. मी बाहेर थंडीत उभा. ती आली ती हात चोळत. “नाव टॅलमनचंच होतं रे कागदावर, पण मला स्वतःलाच मत दिल्यासारखं वाटलं.”

“दिलंसच!”

“गप बस,” ती म्हणाली. पण रागावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होतो, तेवढ्यात मेरिडिथबाईंचा फोन. “डेल, आपल्या भागात पन्नास टक्क्यांच्या वर गेलो. अगदी थोडक्यात. तीन जागा! तीन!”

मी झाडू टाकला आणि तसाच चपला घालून रस्त्यावर पळालो. कोपऱ्यावर पोरं बसची वाट बघत होती, त्यांच्याच रांगेत उभा राहिलो. पिवळी बस आली, दार उघडलं. ओपलने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“काय रे, शाळेत नाव घातलंस?”

“तीन,” मी म्हणालो. धाप लागली होती. “तीन जागा, ओपल. तू चाललीस.”

ती म्हणाली, “बाजूला हो. दोन मिनिटं उशीर झालाय.” पोरं चढली, दार बंद झालं, बस निघाली. शंभर पावलं गेली असेल नसेल, तोच थांबली. लाल दिवे लागले, थांबायची पाटी बाहेर आली. पोरं चढता-उतरताना ती बाहेर आली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना थांबावंच लागतं. तिथे थांबा नव्हता, चढणारं कुणी नव्हतं. मागे-पुढे गाड्या निमूट उभ्या. खिडकीतून एका मुलीने डोकं काढून मला ओरडून सांगितलं, “ओपल रडतेय!” कुणी हॉर्न वाजवला नाही. थोड्या वेळाने पाटी आत गेली आणि बस पुढे गेली.

निरोपाच्या न्याहारीला शेवया मी केल्या. गिचका झाला होता. ओपलला मधल्या टेबलावर मेरिडिथबाईंच्या शेजारी बसवलं. तीनदा उठायला गेली. तिन्ही वेळा बाईंनी तिला दंडाला धरून खाली बसवलं. मी वाढायच्या खिडकीतून कोंबडीचा छातीचा तुकडा तिच्या ताटात पाठवला. तिने खाल्ला. सगळा.

ऑगस्टमध्ये अधिवेशनातून तिचा फोन आला. मागे नुसता गोंगाट.

“डेल, ऐकतोयस? इथेही सही करूनच मत द्यायचं. मोठा कागद आहे, आपल्या राज्याच्या सगळ्या प्रतिनिधींची नावं छापलेली. मेरिडिथने पेन माझ्या हातात दिलं, म्हणाली, आधी तू.”

“मग?”

“मग काय. माझं नाव शोधलं आणि त्याच्यासमोर मीच सही केली. आणि डेल, कुणी मला काहीसुद्धा म्हटलं नाही.”