गाडी हलकी करायची म्हणून

आर्वीबाहेरच्या, अजून सुरू न झालेल्या नव्या रस्त्यावर शर्यत होती. माझी जुनी गाडी पळावी म्हणून तिघा मित्रांनी आठ दिवस इंजिन ट्यून केलं. वजन कमी करायला मागची सीट, स्टेपनी, जॅक, मॅटसुद्धा काढून माझ्या अंगणात टाकल्या. बायको रोज त्या सीटला ठेचकाळून मलाच बोलायची. रविवारी सकाळी मी गाडी रेषेवर लावली, तर तिघंही आत शिरले.

“उतरा ना बे,” मी म्हणालो.

“काऊन? मेहनत आम्ही केली अन् आम्हीच बाहेर उभं राहावं?”

दोघं मागे नुसत्या पत्र्यावर बसले. हरलो, दुसरं काय होणार. उतरल्यावर त्यांच्यातला सगळ्यात जाड गडी बॉनेटवर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, “भाऊ, गाडी अजून हलकी करा लागते.”