आईने नाकारलेली मुलगी

ती केस आठवली की आजही आधी माझीच चूक डोळ्यांसमोर येते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात फौजदार होतो. तिथल्या एका मारवाडी शेठजींनी दुकानातल्या नोकरांचा कुटुंबासह आरोग्य विमा उतरवला होता. त्या काळी हे नवलच. त्यांपैकी एका नोकराच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हृदयाची झडप सांधेतापाने निकामी झाली. मुंबईत शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. विम्याच्या भरवशावर शेठजी आगाऊ रक्कम भरणार होते. तेवढ्यात विमा कार्यालयात निनावी अर्ज आला, की मुलगी त्या नोकराची नाहीच, शेजारणीची आहे. मंजुरी थांबली आणि चौकशी माझ्याकडे आली. तारखेला आठ दिवस उरले होते.

हवालदाराला घेऊन मी शिंदखेड्याजवळच्या त्या नोकराच्या गावी गेलो. बाप म्हणाला, मुलगी माझीच. फसवणारा दुसरं काय म्हणणार? मग आईला विचारलं. धापा टाकणारी पोर तिच्याच मांडीवर होती.

"सायेब, ती मन्ही पोर नही. अक्कानी शे."

अक्का म्हणजे शेजारीण. गावात चौघांना विचारलं, चौघांनीही अक्काचंच नाव घेतलं. मी मनातून खूश! चारशे वीसचा गुन्हा आयताच हाती आला होता. जबाबासाठी अक्काला बोलावलं, तर ती कमरेवर हात ठेवूनच आली.

"पोर तुमची?"

"मन्हीच."

"बाळंतपण कुठं झालं?" हवालदाराने नेहमीचा प्रश्न टाकला.

"मन्हं कसानं? तिन्हं व्हयनं! पहिला दोन पोरे गयात तिना. ही जगाले पाहिजे म्हनीसन मी पायलीभर जवारी दिसन इकत लिधी. तवयपासून तिनी हिले 'मन्ही' म्हनानं नही. बठ्ठा गावले माहीत शे, तुम्हलेच नही!"

आधीची मुलं दगावली, की पुढचं जगावं म्हणून ते नावापुरतं दुसरीला विकायचं आणि पुन्हा आपलं म्हणायचं नाही, अशी ती रीत होती. मी खजील झालो. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आईचं नाव स्पष्ट होतं, ते पाहायचं मला सुचलंच नव्हतं. पण विम्याच्या साहेबांना आईचाही जबाब हवा होता आणि ती काही 'माझी मुलगी' म्हणायला तयार होईना.

"मी बोलनू आनि तिले काही व्हयनं त?"

आधी मला रागच आला. मग तिने पोरीला पदराखाली ओढून घेतलेलं दिसलं. दोन लेकरं गमावलेल्या बाईला मी काय समजावणार होतो?

"बोलू नका," मी म्हणालो. "मी लिहितो, वाचून दाखवतो. पटलं तर अंगठा द्या."

तिने मुलीला अक्काच्या घरी पाठवलं. मी वाचलं, तिने मान हलवली आणि अंगठा दाबून उमटवला. अहवाल घेऊन मी स्वतः त्याच दिवशी विमा कार्यालयात गेलो. मंजुरी मिळाली.

पुढे शेठजींचा ठाण्यात फोन आला. शस्त्रक्रिया पार पडली होती आणि पोर जेवायला मागत होती. इतकं हायसं वाटलं, की मी सगळ्या ठाण्याला चहा पाजला.

आरोपी पकडल्याचा आनंद मला अनेकदा मिळाला. गुन्हा घडलाच नाही याचा आनंद त्याहून मोठा असतो, हे तेव्हा कळलं. त्यानंतर कुणी 'नाही' म्हटलं, की ते जबाबात लिहिण्याआधी मी 'का नाही?' एवढं विचारत आलो.