योनासकाकांचा रुमाल

आमची रत्नागिरीची मंडळी एवढीशी, की दोन घरं गावाला गेली तरी रविवारी चर्च रिकामं वाटायचं. पण माणसं कमी असली की किस्से जास्त साठतात. दोन हजार सालाच्या आसपासचे बहुतेक सगळे योनासकाकांच्या खात्यावर जमा आहेत.

काका एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, राजापूर लाइनचे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भारी राग. रुमाल उचलून सरळ बाहेर भिरकावत. "रुमाल प्रवास करत नाही! आत चढला, त्याची सीट!"

*

चर्चमध्येही तोच खाक्या. "आपण देवाची निवडलेली माणसं. बाप्तिस्मा घेतला तो आत. बाकीचे स्टँडवर!"

एकदा मार्थाकाकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "मलाही तुमच्या आईनं निवडलंच होतं. तेव्हापासून राबतेय. मिरवायला कधी मिळालं?"

पाळकसाहेब तिथेच बसले होते. पुढच्या रविवारी उपदेशात हाच मुद्दा आला, काकूंचं नाव तेवढं नव्हतं.

*

काकांची अडचण एकच, गजाकाका. पावसचे बागवाले, हिंदू, शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्याशिवाय काकांचं पान हलत नसे. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की गजाकाका म्हणत, "माझा गणपती रुसेल रे," आणि पान लावायला घेत.

काकांना मात्र खरंच घोर होता. आपण आत आणि गजा स्टँडवर, हे त्यांना सोसत नव्हतं. प्रार्थनेत त्याचं नाव कधी चुकायचं नाही.

*

एका मे महिन्यात चर्चची कौलं चाळायची होती. निवडलेल्यांपैकी कोणाची कंबर धरली, कोणाकडे मुंबईचे पाहुणे आले. वर चढले ते गजाकाका.

पाळकसाहेबांनी खालून विचारलं, "आमची माणसं कुठे गेली हो?"

वरून उत्तर आलं, "मला कोणी निवडलंन नाय, म्हणून मोकळा हाय!"

*

राजापूरला लग्न होतं. आम्ही तिघं एसटीत. गजाकाकांना गाडी लागते. हातखंबा यायच्या आतच त्यांचा चेहरा पांढरा पडला.

काकांनी खिडकीजवळच्या अनोळखी गृहस्थांना उठवलं. ते भडकले, "मी आधी आलोय!"

"आधी आलात हे खरं, पण गरज याला आहे."

गजाकाका तोंडात आवळासुपारी धरून हसले. "योन्या, तुझा कायदा खय उडाला?"

काकांनी खिडकीची काच सरकवली.

*

पुढे काका आजारी पडले, आणि डॉक्टरांनीही हात टेकले. गजाकाका पावसहून रोज यायचे. त्या दिवशी पाळकसाहेबांची प्रार्थना नुकतीच संपली होती. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो.

काकांनी गजाकाकांचा हात धरला. "गजा, मी पुढे जातो. रुमाल टाकून ठेवतो."

पाळकसाहेब खाली बघत राहिले.

गजाकाकांनी नाक पुसलं.

"खिडकीची धर हां, योन्या. मला गाडी लागते."